तुलनेचा तारा

उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठात एका दूरच्या ताऱ्यावर काम करायला आम्ही दोघी एकत्र आलो, तेव्हा मला माझ्या जोडीदारणीबद्दल एवढंच माहीत होतं, की ती उत्तर लंडनची आहे आणि तिचे आईवडील दोघेही कॉलेजात शिकवतात. हेवा वाटायला मला तेवढं पुरेसं होतं. माझे बाबा इथे लेस्टरमध्ये बेलग्रेव्ह रोडवर एका गुजराती मालकाच्या दुकानात फरसाण तळतात आणि आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. दोघंही दहावीपर्यंत शिकलेली. आम्ही सोलापूरहून लेस्टरला आलो तेव्हा माझी चौथी नुकतीच संपली होती. विद्यापीठात जाणारी घरातली मी पहिली. त्यामुळे तिथे कुणाशी काय बोलायचं, किती हसायचं, प्राध्यापकांना नावाने हाक कशी मारायची, हे सगळं मी इतरांकडे बघून शिकले. आणि मी बघायला लागले की बघतच राहते, हा माझा स्वभाव आहे.

तारे आम्ही दिवसाच बघायचो. आमच्या खोलीला खिडकी नव्हती. दुर्बीण स्पेनच्या एका बेटावर, डोंगराच्या माथ्यावर होती. ती रात्री आपोआप फोटो काढायची आणि सकाळी ते आमच्या कॉम्प्युटरवर यायचे. आमचा तारा हळूहळू मंद होतोय अशी शंका होती. काही ताऱ्यांचं तेज कमीजास्त होतं, त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. आमचा तसा आहे का, एवढंच शोधायचं होतं. पण एखाद्या ताऱ्याचं तेज नुसतं मोजून चालत नाही. एखाद्या रात्री हवा धूसर असते, एखाद्या रात्री विरळ ढग असतो, आणि मग सगळंच मंद दिसतं. म्हणून त्याच फोटोतला, जवळचाच, न बदलणारा एक तारा निवडायचा आणि आपला तारा त्याच्याशी ताडून बघायचा. ढग आला तर दोघांवरही येतो. दोघांतला फरक बदलला, तरच काहीतरी खरं घडलंय. तो दुसरा तारा म्हणजे तुलनेचा तारा. आमचा तुलनेचा तारा तिने निवडला होता.

फोटो उघडायला वेळ लागायचा, तेव्हा ती गुणगुणायची. पहिल्या आठवड्यात मी दुर्लक्ष केलं. मग एकदा विचारलंच, कुठलं गाणं?

"आजीचं," ती म्हणाली. आणि तिने मला सांगितलं. तिची आजी तुर्कस्तानातल्या इझमीरची. त्यांचे पूर्वज स्पेनमधले ज्यू. पाचशे वर्षांपूर्वी त्यांना तिथून घालवून दिलं, पण बायकांनी ती जुनी स्पॅनिश घरात, स्वयंपाकात आणि गाण्यांत सांभाळून ठेवली. तिला लादिनो म्हणतात. गाणं एका नवरीचं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती आईला म्हणते, आजची रात्र दार लावू नकोस, उद्यापासून मी या घरात पाहुणी.

ती गायली तेव्हा पलीकडच्या टेबलावरचा मुलगा खुर्ची फिरवून ऐकत बसला. गाणं संपल्यावर ती सहज म्हणाली, "ज्या देशाने आम्हाला हाकललं, त्याच देशातल्या डोंगरावरची दुर्बीण मी वापरते. आजी असती तर तिला जाम हसू आलं असतं."

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला सांगू? तिला तारे होते, गाणं होतं, पाचशे वर्षं होती, आणि वर असं एक वाक्य होतं जे कुठेही, कुणापुढेही म्हणता येईल. मी काय म्हणणार होते? माझे बाबा शेव तळतात आणि मी फोटो ताडून बघते?

तेवढ्यात आईचा फोन आला. डबा घरीच राहिला होता, त्यावरून आमची जुंपली.

"दिसत नाही होय गं समोर ठेवलेला? डोळे आकाशातच असतात का?"

"आई, मी कामात आहे."

"मी पण कामातनंच करते की फोन! ब्रेक आहे माझा. आणि कँटीनमधलं तेलकट खाऊ नकोस, परत पोट धरून बसशील."

मी काहीतरी फटकन बोलून फोन ठेवला. ती माझ्याकडे बघत होती. "रागावली ना तुझी आई?" तिने विचारलं. मग म्हणाली, "मी ही गाणी आजीच्या टेपवरून शिकले. आजी आधीच गेली होती. घरी सगळे इंग्लिशच बोलतात. मला माझ्या भाषेत कधी कुणी रागावलंच नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंही असेल. पण आधी वाटलं ते हे, की हे वाक्यसुद्धा तिलाच सुचलं.

सप्टेंबरअखेर विभागाने एक कार्यक्रम जाहीर केला. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी शहरातल्या लोकांसाठी सभागृह उघडं ठेवायचं आणि प्रत्येक गटातल्या एका विद्यार्थ्याने आपलं काम साध्या शब्दांत सांगायचं. घरच्यांनाही बोलवा, असं लिहिलं होतं.

मला ते भाषण हवं होतं. आजवर कुठलीही गोष्ट मला इतकी हवीशी वाटली नव्हती. बाबा दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमची मुलगी अंतराळात आहे." आई लाँड्रीत सांगायची, "कॉम्प्युटरचं करते." मी नेमकं काय करते, हे चौथ्या वर्षापर्यंत मला त्यांना सांगताच आलं नव्हतं. मराठीत सांगायला गेले तर शब्द सापडायचे नाहीत, आणि इंग्लिशमध्ये सांगितलं की दोघंही नुसती मान हलवायची, डॉक्टरांपुढे हलवतात तशी. मला वाटायचं, एकदा त्यांनी मला मोठ्या पडद्यासमोर उभी राहिलेली बघावं. काही कळलं नाही तरी चालेल.

आमच्या मार्गदर्शक बाई फार सज्जन आहेत. त्यांनी दोघींना बोलावलं आणि अगदी हळुवारपणे सांगितलं, की भाषण तिने करावं. "तुमचं काम सारखंच चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण तिच्याकडे गोष्ट आहे. जुना प्रकाश, जुनं गाणं. लोकांना ते लक्षात राहील. शेवटी ती थोडं गाईलही."

मी म्हटलं, "हो, बरोबर आहे." आणि हसले. भाषणाचे आलेख मी करून द्यायचे, असं ठरलं.

ते आलेख करतानाच ते सापडलं. तुलनेसाठी खरं म्हणजे एकाहून जास्त तारे घ्यायला हवेत, पण आमच्या फोटोतले बाकीचे तारे फारच फिके होते, म्हणून आम्ही एकावरच भागवलं होतं. आलेख जरा सुबक दिसावा म्हणून मी त्या फिक्या ताऱ्यांच्या तेजाची बेरीज केली आणि आमचा तारा त्या बेरजेशी ताडून पाहिला. रेषा सपाट आली. तारा मंद होतच नव्हता. मग मी तुलनेचा तारा त्याच बेरजेशी ताडला. तो हळूहळू उजळत होता. आमचा बिचारा तारा आपल्या जागी स्वस्थ होता, आणि ज्याच्यावर आम्ही विश्वास ठेवला होता तोच बदलत होता.

म्हणजे तिचं भाषण चूक होतं. आणि ते फक्त मला माहीत होतं.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि बसने घरी आले. सोमवारी सांगू, असं मनाशी म्हटलं. पण त्याच्या खाली आणखी एक विचार होता, आणि तो मी पुरा होऊ देत नव्हते. सभागृहात कुणीतरी हात वर करील. कुणीतरी विचारील, दुसऱ्या ताऱ्यांशी ताडून पाहिलंत का? आणि तिच्याजवळ त्याचं उत्तर नसेल. गाणंही त्या वेळी तिच्या कामाला येणार नाही.

त्या रविवारी इथल्या मराठी मंडळाचा भोंडला होता. आई त्याला हादगा म्हणते, मंडळातल्या पुण्याच्या काकू भोंडला म्हणतात. माझ्या या जोडीदार मैत्रिणीला मीच आधी बोलावून ठेवलं होतं. तेही हेव्यापोटीच. आमच्याकडेही गाणी आहेत, हे मला तिला दाखवायचं होतं.

मंडळात बहुतेक घरं डॉक्टरांची. एरवी आई तिथे जरा कडेला उभी असते, पदर सारखा करत. पण भोंडल्याच्या दिवशी तसं नसतं. बाकीच्या बायका फोनमध्ये बघून गाणी म्हणतात आणि दोन ओळींनंतर अडखळतात. आईला सगळी तोंडपाठ आहेत. हॉलच्या जमिनीवर रांगोळी काढायला बंदी आहे, म्हणून कागदावर काढलेला हत्ती पाटावर ठेवला होता. त्याच्याभोवती फेर धरून आई पुढे आणि डॉक्टरीण काकू मागे, सासूच्या तक्रारी गात चालल्या होत्या.

मैत्रीण आईच्या शेजारीच फेरात शिरली. गाणं थांबलं की ती विचारायची, मी मधे उभी राहून भाषांतर करायची.

"हत्ती का?"

"हस्त नक्षत्र लागलं की हादगा बसतो," आई म्हणाली. "हस्त, म्हणून हत्ती. सांग तिला."

मी सांगितलं. तिने फोनवर आकाशाचा नकाशा उघडला आणि क्षणात ओरडली, "अगं, सूर्य आत्ता तिथेच आहे! म्हणजे हे तारे या दिवसांत दिसूच शकत नाहीत. जे दिसत नाही त्याच्याभोवती तुम्ही नाचता!"

मी लहानपणापासून तो हत्ती बघत आले होते आणि तीन वर्षं तारे शिकले होते. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवावेत, असं मला कधी सुचलं नव्हतं. ते काम तिने आमच्या हॉलमध्ये, आमच्या हत्तीसमोर, उभ्या उभ्या केलं. आई तिच्याकडे कौतुकाने बघत होती. "हुशार आहे गं," ती म्हणाली. मला आई असं कधी म्हणाली होती, ते मी आठवून बघत होते.

मग मैत्रिणीने आईचं गाणं रेकॉर्ड केलं. एकेक ओळ थांबवून अर्थ विचारला. आई सांगत होती, ही कुठली सासू, ते कुठलं फूल, हे गाणं तिच्या मोठ्या मावशीने कुठे आणि कसं शिकवलं. मला आईने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हेही खरं. तरी वाटत होतं, ही माझी आई आहे, आणि तिचा गळा दुसरीच कुणी फोनमध्ये भरून घेऊन चालली आहे.

गाणी संपली आणि खिरापती आल्या. हा भाग मला लहानपणापासून आवडतो. प्रत्येक घरचा डबा झाकलेला असतो, आणि बाकीच्यांनी ओळखायचं असतं आत काय आहे. ओळखेपर्यंत कुणी उघडायचा नाही. मैत्रिणीनेही तिच्या घरची तिळाची बिस्किटं आणली होती. आईने डबा कानाशी धरून हलवला, झाकणाच्या फटीशी नाक नेलं आणि म्हणाली, "तीळ आहेत. आणि भाजलंय." बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग आईचा डबा. आईने कडक भाकरी केली होती, आमच्या सोलापूरची, पापडासारखी पातळ. इथे ती ओव्हनमध्ये वाळवते. तिचा चुरा, वर शेंगाचटणी आणि कांदा. पुण्याच्या काकूंना हे ओळखणं शक्यच नव्हतं.

"चिवडा!"

"नाही."

"गोड की तिखट?"

"तिखट."

"तळलेलं आहे?"

"माझ्या नवऱ्याला विचारा, तो दिवसभर तेच तळतो. हे नाही तळलेलं." सगळ्या हसल्या.

"क्रिस्प्स?" मैत्रिणीने विचारलं आणि त्या आणखी हसल्या. ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत आहे ना? सांग की."

"तिला नका विचारू!" एक काकू ओरडल्या. "घरची आहे ती. घरच्यांनी तोंड मिटून बसायचं!"

मी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. ती पुन्हा चुकली. पुन्हा हसू झालं. तिने पुन्हा माझ्याकडे बघितलं, अगदी खात्रीने, की मी तिला असं लोंबकळत ठेवणार नाही. मीही हसत होते. आणि हसता हसता मला कळलं, की मला मजा येतेय. ती चुकतेय, सगळ्यांसमोर चुकतेय, आणि आत काय आहे ते मला माहीत आहे, याची मजा. सभागृहात ती याच नजरेने मला शोधणार होती. तिथे मी कुठल्या नियमाने गप्प बसणार होते?

आईने शेवटी झाकण काढलं. सगळ्या डब्यावर तुटून पडल्या. मी मैत्रिणीचा हात धरला आणि तिला बाहेर कार पार्कमध्ये नेलं. तिच्या हातात कागदाच्या वाटीत भाकरीचा चुरा होता.

"तुलनेचा तारा बदलतोय," मी म्हणाले. "आपला नाही. फिक्या ताऱ्यांशी ताडून बघितलं मी."

ती चावायची थांबली. "कधी?"

"गुरुवारी."

"आज रविवार आहे."

"हो."

"आणि आत तू हसत होतीस."

ती रागावली, आणि तिचा राग मी पहिल्यांदाच पाहत होते. तिचं तोंड लाल झालं, ती वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो तारा मी निवडला होता." आवाज अगदी बारीक. "मी आईबाबांना बोलावलंय. मावशीला बोलावलंय." मला वाटलं होतं, तिच्याकडे सगळं आहे, तेव्हा तिला या भाषणाचं फारसं काही नसेल. तिलाही ते माझ्याइतकंच हवं होतं.

आत जाऊन तिने आईला "थँक्यू" म्हटलं, कोट घेतला आणि गेली. "काय गं, भांडलीस काय?" आईने विचारलं. "काय बोललीस पोरीला?"

सोमवारी मी पोहोचायच्या आत ती बाईंकडे जाऊन आली होती. चूक कुणी शोधली, ते तिने सांगितलं होतं. गुरुवार-रविवारचं सांगितलं नव्हतं. बाईंनी माझे आलेख दोनदा तपासले आणि म्हणाल्या, "मग ही गोष्ट तुझी आहे. तूच बोल." त्यांना आनंद झाल्यासारखा दिसला. मला मात्र तिच्याकडे बघवेना. पुढचे काही दिवस ती पलीकडच्या टेबलावर बसली आणि गुणगुणली नाही. खोली इतकी शांत होती, की मला ते गाणं हवंसं वाटायला लागलं. याचीही मला चीड आली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आईबाबा पहिल्या रांगेत बसले. बाबांनी दुकानातून थेट यायचं नाही, आंघोळ करून यायचं, असं आईने बजावलं होतं, तरी त्यांच्या कोटाला हिंगाचा वास होता. मी बोलले. किती वाईट बोलले ते मला ठाऊक आहे. पहिली काही वाक्यं मी पडद्याकडे तोंड करूनच म्हटली. माझ्याकडे जुना प्रकाश, जुनं गाणं असलं काही नव्हतं. हस्ताचा हत्ती सांगायचा फार मोह झाला होता, पण तो तिने शोधला होता, म्हणून नाही सांगितला. मी फक्त सांगितलं, की आम्ही एका ताऱ्याला बदलणारा समजलो, कारण दुसऱ्याला स्थिर समजलो होतो. मग दोन्ही रेषा दाखवल्या.

सभागृह शांत होतं. आणि त्या शांततेत बाबा आईकडे वळून, त्यांना वाटलं हळूच, पण चांगलं खणखणीत म्हणाले, "म्हणजे ज्याच्यावरनं मापलं, तोच हलत होता होय?"

"गप बसा," आई म्हणाली.

मागे कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. बाबांना कळलं होतं. मी क्षणभर पुढचं विसरले, आणि तशीच उभी राहिले.

त्यानंतर ती गायली. बाईंनी तिला गाणं ठेवायला सांगितलं होतं. तिने आजीबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि डोळे मिटले. तिच्या घरच्यांच्या रांगेतली एक वयस्कर बाई, बहुधा मावशी, ओठ हलवत होती. लोक खुर्च्यांत पुढे सरकले. संपल्यावर टाळ्या थांबेनात. माझ्या भाषणाला पडल्या त्यांच्याशी मी त्या ताडून पाहिल्या. सवय जात नाही. बाहेर पडताना एक म्हातारे गृहस्थ आम्हा दोघींजवळ थांबले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, हे गाणं मी विसरणार नाही. मला म्हणाले, "आणि तुमचंही छान."

ती माझ्याकडे बघून किंचित हसली. हसू पूर्वीइतकं मोकळं नव्हतं, पण होतं. "तुझ्या बाबांना काय कळलं?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "माझ्या बाबांनी फक्त फोटो काढले." ती हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच तसं होतं, मला सांगता येत नाही.

आता त्या उजळणाऱ्या ताऱ्यावर मी काम करते. दर सकाळी नवे फोटो येतात. या वेळी तुलनेला चार तारे आहेत, आणि ते आम्ही दोघींनी मिळून निवडलेत.

परवा रविवारी मी घरी तेच करत बसले होते. आई शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि गुणगुणत होती. आधी माझं लक्ष नव्हतं. मग लक्षात आलं, ती चाल हादग्याची नाही. शब्द असेच काहीतरी होते, अर्धे मराठीसारखे, अर्धे कुठलेच नाहीत, पण चाल बरोबर होती.

"आई, माझं भाषण आठवतं का गं?"

"आठवतं की. हलणारा तारा." ती पुन्हा चालीवर गेली आणि एका जागी अडली. "अगं, तिला विचार ना, पुढची ओळ कशी आहे? इथे आलं की पुढे जातच नाही."

"तूच विचार."

"मला कुठं येतंय इंग्लिशमध्ये ते सगळं? विचार की. लगेच सांगेल ती."

मी मेसेज केला. खरंच लगेच आलं उत्तर, आवाजातलंच, पूर्ण कडवं. शेवटी एक हसू आणि मराठीत, अगदी चुकीच्या उच्चारात, "काकूंसाठी." आईने माझा फोन घेतला आणि पुन्हा पुन्हा तेच लावत बसली. नवरीचं कडवं, दार लावू नकोस म्हणणारं.

मी माझ्या खोलीत आले. ऐकू येत होतं तरी मी दार लावलं नाही. नुसतं लोटून घेतलं, आणि फोटो उघडायची वाट बघत बसले.